२५७ मायक्रोसेकंदांच्या आत

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर रणजीचे सामने होतात, पहाटे जॉगिंग ट्रॅकवर गर्दी असते. गोल्फ तेवढे दिसत नाही. तिथल्या क्रिकेटवाल्याला बॅट नियमात आहे का विचारा, तो मापे सांगेल: रुंदी १०८ मिलिमीटर, जाडी ६७, कड ४०. गेजमधून बॅट गेली की विषय संपला.

गोल्फमध्येही मापे आहेत. गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात. ड्रायव्हरचे, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याच्या क्लबचे, डोके ४६० घन सेंटिमीटरपेक्षा मोठे नको आणि पटर, म्हणजे चेंडू हलकेच भोकात ढकलायचा क्लब, सोडून कोणताही क्लब ४८ इंचांपेक्षा लांब नको. पण या सगळ्यात बसणारा ड्रायव्हरही अवैध ठरू शकतो. आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम करणाऱ्या संस्था आणखी एक गोष्ट तपासतात: फटका बसताना समोरचा धातू किती लवतो.

लवण्याने फरक का पडतो? चेंडू आणि क्लब एकमेकांना जेमतेम अर्धा मिलिसेकंद चिकटलेले असतात. तेवढ्यात चेंडू चांगलाच चेपतो, आणि चेपलेले रबर पूर्ववत होताना बरीच ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. समोरचा पत्रा पातळ टायटॅनियमचा असेल तर तो स्वतः थोडा आत जातो, चेंडूला कमी चेपावे लागते. टायटॅनियम ऊर्जा जवळपास पूर्ण परत देतो, रबर देत नाही. म्हणजे पत्रा जितका लवचीक, तितका चेंडू वेगाने सुटतो. नव्वदच्या दशकात पोकळ टायटॅनियमची डोकी आली आणि हा फायदा डोळ्यांत भरू लागला. तेव्हा नियमवाल्यांना जाग आली.

मग हा लवचीकपणा मोजायचा कसा? २००४ पासून त्यासाठी लंबक वापरतात, आणि मला तरी ही युक्ती फार आवडते. पोलादाचा छोटा गोळा लंबकासारखा सोडून क्लबच्या तोंडावर आपटतात आणि तो किती काळ टेकून राहिला ते मोजतात. पत्रा जितका लवचीक, तितका हा काळ जास्त. मर्यादा २३९ मायक्रोसेकंद (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग), त्यावर १८ चा टॉलरन्स, म्हणजे मापातली सूट. म्हणजे २५७ च्या पुढे क्लब बाद. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या टूलरूममध्ये ज्यांची हयात गेली त्यांना पुढचे सांगायलाच नको: टॉलरन्स दिला की कारखानदार त्याच्या काठावरच माल काढणार.

आणि काठावरचा माल वापरता वापरता काठ ओलांडतो. हजारो फटक्यांनी पत्रा आणखी लवचीक होत जातो. खेळाडूने काहीही केलेले नसते, तरी काल वैध असलेला ड्रायव्हर आज नापास होतो. २०१९ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेआधी गोल्फपटू झँडर शॉफलेचा ड्रायव्हर असाच नापास झाला, आणि २०२५ च्या पीजीए चॅम्पियनशिपआधी रोरी मॅकिलरॉय व स्कॉटी शेफलर या दोघांचे. दुसरा ड्रायव्हर घेऊन ते खेळले. शेफलरने तर ती स्पर्धा जिंकलीसुद्धा. त्यावरून लबाडीची कुजबुज करणे मला अन्यायाचे वाटते.

खाचांचे प्रकरण वेगळे. आयर्न आणि वेज या ड्रायव्हरपेक्षा आखूड फटक्यांच्या क्लबांच्या तोंडावरच्या आडव्या खाचा, पावसात टायरच्या नक्षीने करावे तसे, गवताचा रस आणि पाणी बाजूला सारतात. म्हणून चेंडूला पकड आणि फिरकी मिळते. कडा धारदार असतील तर उंच गवतातूनही फिरकी मिळते, मग चेंडू वाटेबाहेर मारल्याची शिक्षाच उरत नाही. म्हणून २०१० च्या नियमाने तोंडाचा उतार २५ अंश किंवा त्याहून जास्त असलेल्या क्लबांवर खाचेची कड किमान ०.२५४ मिलिमीटर त्रिज्येने गोल असणे सक्तीचे केले.

जुना ड्रायव्हर विकत घेणाऱ्याने या संस्थांनी मान्य केलेल्या डोक्यांची यादी बघावी, त्यात मॉडेल आणि डोक्यावरच्या खुणा दिलेल्या असतात. जास्त उसळीचे, नियमाबाहेरचे ड्रायव्हर काही कंपन्या उघडपणे विकतात. मित्रांसोबत हौसेने खेळायला ते चालतील. स्पर्धेत पिशवीत असा क्लब नुसता पडून असेल तर दंड नाही, मात्र १४ क्लबांच्या मर्यादेत तो मोजला जातो. त्या क्लबने एक फटका मारला की खेळाडू स्पर्धेतून बाद.