सुलभ संगणकविज्ञान शिक्षण : कोकणातील दिव्यांग विद्यार्थी

दृष्टी, श्रवण, हातापायांची हालचाल किंवा आकलन यांत अडचण असलेल्या शाळकरी मुलांना संगणकविज्ञान शिकता यावे म्हणून साधने, पाठ आणि परीक्षा यांत केलेले बदल म्हणजे सुलभ संगणकविज्ञान शिक्षण. संगणक हाताळता येणे ही त्याची पहिली पायरी. मूळ विषय म्हणजे क्रमवार विचार करणे, आज्ञावली (प्रोग्राम किंवा कोड) लिहिणे आणि तिच्यातली चूक हुडकणे. दिव्यांग मुलाला टंकलेखन आले की काम झाले, अशी समजूत या विषयाच्या मुळावर येते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले असून समावेशित शिक्षणाची जबाबदारी शाळांवर आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक शाळेआधीच्या इयत्तांपासून कोडिंग शिकवावे असे म्हटले आहे. कोकणात या दोन्ही गोष्टींची गाठ वाडीवरच्या शाळेत पडते. डोंगर आणि खाड्यांमुळे वस्ती विखुरलेली. एखाद्या गावात अंध मूल असलेच तर एकटेच. विशेष शाळा म्हणजे घर सोडून शहरातले वसतिगृह. ते नको असेल तर मूल गावच्याच शाळेत बसते आणि गटसाधन केंद्रातून (तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्रातून) येणारे विशेष शिक्षक त्याला मधून मधून भेटतात. म्हणून विशेष शिक्षक नसतानाही वर्गशिक्षकाला आणि मुलाला चालवता येईल, तेच साधन इथे कामाचे.

शाळांत लोकप्रिय असलेली स्क्रॅच ही कोडिंगची प्रणाली (अमेरिकेतील एमआयटी, २००७) आज्ञांचे रंगीत ठोकळे माउसने ओढून जुळवण्यावर उभे आहे. कर्णबधिर मुलांना ती सोयीची पडते, अंध मुलाला मात्र दार बंद. त्याच्यासाठी मजकुरात लिहायची भाषाच बरी. एनव्हीडीए हा पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झाला. तो फुकट आहे आणि ई-स्पीक या संगणकीय आवाजात मराठीही वाचतो. मजकुरात लिहायच्या पायथन या भाषेत ओळीच्या आधी सोडलेल्या जागेवर सगळा अर्थ ठरतो. डोळस मुलाला ती जागा दिसते. एनव्हीडीएमध्ये ही आधीची जागा सुरांनी सांगण्याची सोय सुरू केली की ओळ जितकी आत, तितका सूर चढा. चक्राच्या (पुन्हा पुन्हा करायच्या आज्ञांच्या गटाच्या) आत हवी असलेली ओळ चुकून बाहेर राहिली की सूर उतरतो आणि चूक कानाला कळते. कटकट आहे ती आवाजाची : मराठी आवाज इंग्रजी आज्ञा वेड्यावाकड्या उच्चारतो, म्हणून कोड वाचताना इंग्रजी आवाज निवडणे सोपे. अंध विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली कोरम ही भाषाही उपलब्ध आहे.

संगणकाशिवाय शिकवण्याची पद्धत न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातील टिम बेल आणि सहकाऱ्यांनी रूढ केली. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा अनेक गावे कित्येक दिवस विजेविना होती. एरवीही पावसाळ्यात वीज बेभरवशाचीच, तेव्हा ही पद्धत इथे निव्वळ हौस नव्हे. द्विमान पद्धत, म्हणजे फक्त ० आणि १ या दोन खुणांनी संख्या लिहिणे, शिकवायला सहा करवंट्या पुरतात. ब्रेल या अंधांच्या स्पर्शलिपीतल्या अक्षराच्या सहा ठिपक्यांसारख्या त्या दोन उभ्या रांगांत तीन-तीन मांडायच्या. पालथी म्हणजे उठलेला ठिपका, उताणी म्हणजे रिकामी जागा. डाव्या रांगेतल्या वरच्या आणि खालच्या करवंट्या पालथ्या घातल्या की ब्रेलमधला ‘क’. डावीकडच्या तिघींना वरून खाली १, २, ४ आणि उजवीकडच्यांना ८, १६, ३२ अशा किमती दिल्या तर ‘क’ म्हणजे ५. सगळ्या मिळून ६४ मांडण्या होतात, मोकळी धरून. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक क्रमांकयादीत, ब्रेलचे क्रमांक याच हिशोबाने दिलेले आहेत. ब्रेल येणारे मूल या धड्यात वर्गाच्या पुढे असते, आणि शेजारच्या डोळस मुलाला तेच समजावून देऊ शकते. अंध मुलाला मागे बसवून ‘तू ऐक’ म्हणणाऱ्या तासिकेपेक्षा हे केव्हाही चांगले.

कर्णबधिर मुलांची अडचण वेगळी. फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या शिक्षकाचे ओठ दिसत नाहीत, आणि खुणांची भाषा पहिली असलेल्या मुलाला छापील मराठीही दुसऱ्या भाषेसारखी शिकावी लागते. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द जमले. वर्गात नव्या संज्ञेसाठी खूण आधी ठरवावी, पाठ मग घ्यावा. हाताची हालचाल मर्यादित असलेल्यांना विंडोजमधील स्टिकी कीजमुळे दोन कळा एकदम दाबाव्या लागत नाहीत.

पुण्यात वाढलेले टी. व्ही. रामन यांची दृष्टी काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी गेली. पुणे विद्यापीठात गणित आणि आयआयटी मुंबईत संगणकविज्ञान शिकून त्यांनी पुढे ईमॅकस्पीक ही बोलणारी संगणकप्रणाली घडवली.

परीक्षेत लेखनिक आणि ताशी किमान २० मिनिटे जादा वेळ देण्याची तरतूद केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. प्रात्यक्षिकात लेखनिकापेक्षा पडदावाचक असलेला संगणकच हवा, कारण कोडमधले विरामचिन्ह सांगून लिहवून घेण्यात उमेदवाराची परीक्षा न होता लेखनिकाचीच होते.