बाहेर पडण्याची वाट एकच

रावेर-सावदा पट्ट्यात केळीचा हंगाम भरात आला की व्यापाऱ्यांच्या कचेऱ्यांत एकाच वेळी कुणी वजनाच्या पावत्या पाठवीत असतो, कुणी घडांचे व्हिडिओ दिल्लीच्या खरेदीदाराकडे चढवीत असतो आणि कुणी इंटरनेटवरूनच फोन लावून भाव ठरवीत असतो. सगळी यंत्रे एका नेटवर्क-स्विचला (तारा एकत्र जोडणाऱ्या पेटीला) जोडलेली असतात, पण बाहेर जाणारी लाइन एकच असते. बोलणे तुटू लागले की ‘नेट स्लो आहे’ म्हणून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात पुष्कळदा लाइन आहे तेवढ्याच वेगाने चाललेली असते. बिघडलेली असते ती तिच्या तोंडाशी लागलेली रांग.

माहिती पॅकेटांच्या, म्हणजे छोट्या तुकड्यांच्या, रूपाने जाते आणि इथरनेटवर (कचेरीतल्या तारांच्या जाळ्यावर) एका पॅकेटात साधारणपणे १५०० बाइट मावतात. सेकंदाला १ गिगाबिट वेगाच्या पोर्टमधून (तार जोडण्याच्या तोंडातून) असे पॅकेट बाहेर पडायला १२ मायक्रोसेकंद लागतात, तर २ मेगाबिटच्या अपलोड लाइनवर ६ मिलिसेकंद. दोन पॅकेटे एकदम आली तर एकाला पोर्टमागच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीत, थांबावे लागते. ‘जो आधी आला तो आधी’ हा नियम वरकरणी न्याय्य वाटतो. पण व्हिडिओची ५० मोठी पॅकेटे पुढे उभी असतील, तर मागे आलेल्या आवाजाच्या छोट्याशा पॅकेटाला ३०० मिलिसेकंद तिष्ठावे लागते. संभाषण सहज वाटण्यासाठी आवाजाचा एकेरी प्रवास १५० मिलिसेकंदांच्या आत व्हावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते.

मालगाडी लूप लाइनवर उभी करून मागून आलेली मेल पुढे काढलेली भुसावळकडच्या प्रवाशांनी अनेकदा पाहिली असेल. काटेकोर प्राधान्याची पद्धत तीच आहे: वरच्या रांगेत काही शिल्लक असेपर्यंत खालच्या रांगेला हात लावायचा नाही. मात्र पुढच्या सेक्शनमध्ये शिरलेली मालगाडी जशी मधेच बाजूला घेता येत नाही, तसेच तारेवर चढलेले पॅकेट सहसा अर्ध्यात थांबवता येत नाही, त्यामुळे मानाच्या पॅकेटालाही थोडे खोळंबावे लागतेच. याहून मोठी अडचण अशी की वरची रांग कधी रिकामीच झाली नाही, तर खालची उपाशी राहते. पॅकेटाच्या शीर्षभागात प्रतवारीसाठी ६ बिट राखलेले असतात आणि आवाजाला त्यात बहुधा ४६ हा आकडा दिला जातो. पण तो आकडा पाठवणाराच लिहितो, आणि आपले काम तातडीचे नाही असे स्वतःहून कोण लिहील?

म्हणून पाळीपाळीने वाटप करण्याची पद्धत आली. येथे पिठाच्या गिरणीची आठवण होते. कळण्याच्या भाकरीपुरते ज्वारी-उडदाचे छोटे दळण आणलेली बाई आणि गव्हाची पोती आणलेला माणूस यांना ‘एकेक डाग’ असा समान हक्क दिला, तर गिरणीचा बहुतेक वेळ पोतीवालाच खातो. पॅकेटेही लहानमोठी असल्यामुळे नुसती संख्या मोजून न्याय होत नाही. १९९५ साली एम. श्रीधर आणि जॉर्ज वर्गीस यांनी यावर मांडलेला तोडगा उधारीच्या वहीसारखा सुटसुटीत आहे. समजा, प्रत्येक रांगेच्या खात्यात दर फेरीला ५०० बाइट जमा होतात आणि एका रांगेच्या तोंडाशी १२०० बाइटचे पॅकेट आहे. पहिल्या फेरीला जमा ५००, दुसऱ्या फेरीला १०००. दोन्ही वेळा ते थांबते. तिसऱ्या फेरीला १५०० होतात, पॅकेट सुटते आणि ३०० शिल्लक पुढे ओढली जाते. रांग रिकामी झाली की शिल्लकही पुसली जाते, नाहीतर गप्प बसून साठवलेल्या जमेवर एखादा नंतर सगळी लाइन अडवून धरेल.

आता प्रश्न उरतो रांगेच्या लांबीचा, आणि माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. बफर जितका मोठा तितके बरे, असे कुणालाही वाटेल. जॉन नेगल यांनी १९८५ मध्येच दाखवून दिले होते की साठवण अमर्याद असेल, नियम ‘आधी आला तो आधी’ असेल आणि पॅकेटाचे आयुष्य मर्यादित असेल, तर अतिभाराखाली अखेरीस सगळीच पॅकेटे वाया जातात. प्रत्येकाची पाळी येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. घरगुती प्रमाणात हिशेब करा: २५६ किलोबाइटचा बफर भरला, तर २ मेगाबिटच्या लाइनवर तो उपसायला एक सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. शिवाय पाठवणारा संगणक पॅकेट गळाले की वेग कमी करतो. भल्यामोठ्या बफरमुळे ते गळतच नाही, म्हणून तो बिनघोर ओतत राहतो. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दुखण्याला ‘बफरब्लोट’ असे नाव देऊन त्याकडे लक्ष वेधले.

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांगेची लांबी मोजणे सोडून प्रत्येक पॅकेट किती वेळ थांबले ते मोजायला सुरुवात केली. थांबण्याचा काळ १०० मिलिसेकंदभर सलग ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला, तर एखादे पॅकेट मुद्दाम टाकून द्यायचे, म्हणजे पाठवणाऱ्याला वेळीच इशारा मिळतो. ही युक्ती आज अनेक राउटरांमध्ये असते, पण तिचा उपयोग होण्यासाठी रांग त्या राउटरमध्येच लागली पाहिजे. म्हणून २ मेगाबिटच्या लाइनवर राउटरमध्ये अपलोडची मर्यादा १.८ किंवा १.९ मेगाबिट अशी किंचित कमी ठेवतात. थोडा वेग सोडावा लागतो, पण रांग पुढच्या मोडेमच्या आंधळ्या बफरमध्ये न लागता आपल्या दारात, आपल्या नियमाने लागते.