रोज घ्यायची गोळी आणि सीमाभागातली वाट

बेळगाव-निपाणी पट्ट्यात एचआयव्ही म्हटलं की आधी सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आठवतो. त्याला कारण आहे. उत्तर कर्नाटकात हा विषाणू मुख्यतः लैंगिक संबंधांतून पसरला. देवदासी म्हणून मुली देवीला सोडण्यावर १९८२ च्या कायद्याने बंदी आली, पण प्रथेच्या खुणा राहिल्या. त्यात पुणे-बंगळूर महामार्गाची वर्दळ. २००३ नंतर जिल्ह्यात प्रतिबंधाचं जे काम उभं राहिलं, ते देहविक्री करणाऱ्या बाया आणि त्यांची गिऱ्हाइकं डोळ्यांसमोर ठेवून. त्याने जीव वाचले. पण सुईने नशा करणारा माणूस त्या कामाच्या कडेलाच राहिला.

सुईची साथ वेगळ्या टोकाला सुरू झाली. भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ साली चेन्नईत. मणिपुरात नशा टोचून घेणाऱ्यांमध्ये तो १९८९-९० च्या सुमारास भडकला. शीर सापडली का हे बघायला घेणारा थोडं रक्त सिरिंजमध्ये ओढतो. त्यातलं थोडं आतच राहतं आणि तीच सिरिंज पुढच्याच्या हातात जाते. चमचा, कापूस, पाणीही एकच असतं. २०१४-१५ च्या राष्ट्रीय पाहणीत टोचून नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ९.९ टक्के निघालं. सगळ्या प्रौढांत ते तेव्हा पाव टक्क्याच्या आसपास होतं.

तरी हा माणूस दवाखान्यात उशिरा पोचतो. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात नुसत्या सेवनालाही शिक्षा आहे, त्यामुळे डॉक्टरआधी पोलीस आठवतो. स्वतःहून उपचार घेणाऱ्याला त्याच कायद्याच्या ६४-अ कलमात संरक्षण आहे, हे त्याला सांगणारं कोणी भेटत नाही. आणि गावात ‘गर्दुल्ला’ हा शब्द एकदा चिकटला, की सख्खा भाऊही सोबत यायला कचरतो. मी तो शब्द वापरत नाही.

एचआयव्हीवरची औषधं सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत द्यायला सुरुवात केली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या २००७ नंतरच्या टप्प्यात, टोचायच्या नशेऐवजी द्यायची ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळीही आली. खरी अडचण इथे आहे, आणि तिची चर्चा फार कमी होते. एचआयव्हीच्या गोळ्या महिनाभराच्या घरी नेता येतात. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी मात्र चुरून, केंद्रातल्या कर्मचाऱ्यासमोर, जिभेखाली धरायची. रोज. निपाणीहून बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर. बिगारी काम करणाऱ्याने रोज एसटी धरायची, की हजेरी? कोल्हापूर जवळ, चाळीसेक किलोमीटर, शिवाय तिथे मराठीत बोलता येतं. पण ते दुसऱ्या राज्यात. औषध तिकडे चालू करायचं तर बदलीचे कागद आले.

२०२० च्या टाळेबंदीत हीच गोळी काही दिवसांची घरी न्यायला परवानगी मिळाली. म्हणजे केंद्रावरची रोजची खेप टाळता येते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने, जो सप्टेंबर २०१८ ला लागू झाला, संसर्ग टाळण्यासाठी स्वच्छ सुया देणं हा गुन्हा नाही हेही स्पष्ट केलं. पण २०२१ मध्ये निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे आरटीपीसीआर अहवाल मागत होते. कोल्हापुरातून औषध घेऊन परतणाऱ्याला तिथे कशासाठी गेला होतास असं विचारलं, तर त्याने पोलिसाला काय सांगायचं?