घुबडछाप नाण्यांवरची चीर: चूक नव्हे, पारख

प्राचीन अथेन्सच्या चांदीच्या घुबडछाप नाण्यांवरची खोल चीर म्हणजे टांकसाळीतली चूक किंवा नाणे खोटे असल्याची खूण, हा समज बराच रुजलेला असला तरी तो चुकीचा आहे. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेली नाणी चलनात शिरत असल्यामुळे, विशेषतः इजिप्त आणि पूर्व भूमध्य किनाऱ्यावर, छिन्नीचा घाव घालून आतला धातू पाहिला जाई. चिरेतही चांदीच दिसत असेल, तर उलट ते नाणे परीक्षेत उतरलेले असते. खुद्द अथेन्समध्ये इ.स.पू. ३७५-३७४च्या निकोफोन नावाच्या व्यक्तीने मांडलेल्या कायद्यानुसार सरकारी पारखी खोटे नाणे कापून टाकत असे, आणि गोंधळाचे मूळ बहुधा इथेच असावे. टांकसाळीतली चूक वेगळी दिसते: दोन ठोक्यांमध्ये नाणे सरकल्यास घुबड दुहेरी उमटते, पण धातू चिरला जात नाही.