पानावरचा शेकाट्या

दुधी भोपळ्याच्या वेलाचं कोवळं पान सकाळच्या तिरप्या उन्हात हळूच उलटून बघा. नशीब असेल तर लवेवर तपकिरी दोऱ्याचा तुकडा अडकल्यासारखा दिसेल. जरा थांबलात की तो दोरा चालू लागेल.

हा ढेकूण आहे. गादीतल्या ढेकणाचा आणि कपाशीवरच्या लाल ढेकण्याचा दूरचा भाऊबंद. कुळाचं नाव बेरिटिडी, इंग्रजीत ‘स्टिल्ट बग’. भिगवणच्या पाणथळीत काटकुळ्या तांबड्या पायांवर फिरणाऱ्या शेकाट्यालाही इंग्रजीत स्टिल्टच म्हणतात, म्हणून माझ्यापुरता हा पानावरचा शेकाट्या.

अंगाची लांबी जेमतेम सेंटिमीटरभर, बहुतेकांची त्याहूनही कमी. भिंगातून पाहिलं की केसासारखे पाय दिसतात, पण मांडीचं टोक गाठीसारखं फुगलेलं. मिशा कोपरात दुमडल्यासारख्या आणि शेवटी काडेपेटीतल्या काडीच्या गुलासारखी गाठ. इतकं नाजूक शरीर आणि इतकी नेटकी घडण, मला तरी पाहून समाधान होत नाही.

दुधीवर आपल्याकडे मेटाकँथस पल्चेलस ही जात आढळते. ती वेलाचा रस शोषते, संख्या वाढली तर नुकसानही करते. पण या कुळाची खरी गंमत चिकट झाडांवर आहे. टोमॅटोचे फुटवे खुडताना बोटं चिकट होतात ना, तो चिकटा लवेच्या टोकावरच्या ग्रंथींतून येतो. चिलटं, मावा त्यात अडकून मरतात. हा मात्र उंच पायांवर अंग तोलत त्याच लवेतून खुशाल फिरतो आणि अडकलेल्यांत सोंड खुपसतो. रस झाडाचा, जोडीला मेजवानी फुकटची.

यात झाडाला काय मिळतं? कॅलिफोर्नियात माडिया एलेगन्स या चिकट रानफुलाच्या झाडांवर संशोधकांनी मुद्दाम मेलेल्या माश्या चिकटवून पाहिल्या. २०१३ साली निष्कर्ष छापून आले. जास्त माश्या असलेल्या झाडांवर शिकारी कीटक जास्त जमले, त्यांत स्टिल्ट बगही होते. अळ्यांनी खाल्लेल्या कळ्या-फुलांचं प्रमाण घटलं आणि फळं जास्त धरली. म्हणजे मेलेलं चिलट हे झाडानं राखणदाराला दिलेलं बलुतंच झालं.

अमेरिकेतल्या तंबाखूच्या शेतात जॅलिसस विकहॅमी ही जात हॉर्नवर्म पतंगाची अंडी खाते. पानावरच्या गोल, हिरवट अंड्यापाशी येऊन ती सोंड टोचते आणि आतला रस ओढून घेते. मागे उरतं ते चपटं झालेलं टरफल.