फ्रेजल व्हर्बमधला 'अप' कोणत्या जातीचा?

लातूर असो की नांदेड, स्पर्धा परीक्षेच्या क्लासात 'गिव्ह अप', 'लूक आफ्टर' अशा फ्रेजल व्हर्बच्या, म्हणजे क्रियापद आणि छोटा शब्द मिळून वेगळा अर्थ देणाऱ्या जोड्यांच्या, अर्थासकट याद्या पाठ होतात. घोडं अडतं ते मध्ये 'क्विकली'सारखं क्रियाविशेषण आलं की.

जुन्या इंग्रजीत असे छोटे शब्द बहुधा क्रियापदाच्या आधी चिकटत. कालांतराने ते क्रियापदानंतर येऊ लागले. बाराव्या शतकातल्या लिखाणात 'गिव्ह अप' सापडतं. १७५५ च्या गाजलेल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच म्हटलंय की परक्यांना या जोड्या सर्वांत जड जातात. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र १९२५ च्या एका पुस्तकातून रुळलं.

खरा घोळ 'अप', 'ऑफ', 'डाउन' यांच्या जातीचा. कुणी त्यांना क्रियाविशेषण म्हणतं, कुणी पार्टिकल, म्हणजे क्रियापदाला जोडून येणारा छोटा शब्द. २००२ च्या एका जाडजूड व्याकरणाने तर हे प्रिपोझिशनच ठरवलं, फक्त पुढे नाम नसलेलं. आपल्याकडे प्रिपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय असं सरसकट शिकवतात आणि पोरं 'ऑफ'ला पुढच्या नामाशी बांधतात. तपासायला 'इट' पुरतं. 'टर्न इट ऑफ' बरोबर, 'टर्न ऑफ इट' चूक. उलट 'लूक ॲट इट' बरोबर. म्हणजे 'ऑफ' क्रियापदाचा, 'ॲट' नामाचा. म्हणून 'लूक केअरफुली ॲट द मॅप' चालतं, 'टर्न क्विकली ऑफ द लाइट' चालत नाही. तिथे 'क्विकली' एकतर 'टर्न'च्या आधी, नाहीतर अगदी शेवटी. अपवाद 'राइट', 'स्ट्रेट' यांचा: 'कम राइट बॅक'. यात परकं काही नाही. आपणही 'पटकन सोडून दे' म्हणतो, 'सोडून पटकन दे' नाही. 'सोडूनच दे' मात्र बिनधास्त. हे उदाहरण क्लासात का देत नाहीत, कोण जाणे!

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आली. त्याआधी मराठी शाळांत ती पाचवीला भेटायची, आणि आज शिकवणाऱ्यांपैकी अनेकजण त्याच पिढीचे. त्यात परीक्षेत बहुतेकदा 'रिकामी जागा भरा', म्हणजे 'अप' की 'ऑफ' एवढंच. तेवढ्याला यादी पुरते. वाक्यातली चूक शोधा म्हटलं की 'इट' आणि 'क्विकली' कुठे बसवायचे ते कळावं लागतं, आणि यादीत त्यांचा रकानाच नसतो.