गेममधली गाडी खड्ड्यात का उसळते?

वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट गेममध्ये उतरवायचा, या हट्टानं मी कामाला लागलो. वळणं जमली, कठडे जमले. पण पहिल्याच खड्ड्यात गाडी चेंडूसारखी उसळली आणि कठड्यावरून दरीत गेली.

स्प्रिंगचं गणित तसं शाळेतलंच, हूकच्या नियमाचं: जितकी दाबाल तितक्या जोरानं ती उलटी ढकलते. गाडी हजार किलोची धरली तर एका चाकावर 250 किलो. मीटरला 20,000 न्यूटन ताठरपणाची स्प्रिंग एवढ्या वजनाखाली साधारण 12 सेंटिमीटर बसते. पण नुसत्या स्प्रिंगवर गाडी सेकंदाला जवळपास दीड वेळा झुलतच राहते. तिला शांत करतो तो शॉकअप. त्याच्यातलं तेल बारीक छिद्रांतून जाताना अडतं. हा अडथळा किती दाबलं यावर ठरत नाही, किती वेगानं दाबलं यावर ठरतो.

दोन्ही बलं घातली, तरी गाडी उसळायचीच. चूक सूत्रात नव्हतीच, ती काळाच्या तुकड्यांत होती. माझा गेम सेकंदाचे 60 तुकडे पाडून हिशेब करत होता. ताशी 60 किलोमीटर वेगानं गाडी एका तुकड्यात 28 सेंटिमीटर पुढे सरकते. वीतभर खड्डा कधी दिसतच नाही, कधी त्याची पलीकडची कड एकदम चाकात घुसलेली सापडते. मग स्प्रिंग प्रचंड बल लावते. खऱ्या गाडीत स्प्रिंग सुटताना ते बल क्षणोक्षणी उतरतं. गेममध्ये ते अख्खा तुकडाभर तसंच राहतं. कुठूनही न आलेली ऊर्जा गाडीत भरते. शिवाय तीसेक किलोचं चाक ताठ टायरवर सेकंदाला 13-14 वेळा थरथरतं. एका थरथरीला जेमतेम चार हिशेब मिळणार, त्यात ती पकडायची कशी?

म्हणून पडद्यावरचं चित्र सेकंदाला 60 वेळाच ठेवलं आणि सस्पेन्शनचा, म्हणजे स्प्रिंग, शॉकअप आणि चाकाचा हिशेब सेकंदाला 1,000 वेळा केला. क्रमही बदलला: आधी नवा वेग काढायचा, मग त्या नव्या वेगानं जागा. एवढ्याशा अदलाबदलीनं फुगणारी ऊर्जा आटोक्यात येते, याचं मला अजून अप्रूप वाटतं. आणखी एक अट घातली. टायर रस्त्याला ढकलू शकतो, ओढू शकत नाही. बल उणे आलं की ते शून्य धरायचं.

त्यानंतर उताराच्या एका वळणाआधी ब्रेक दाबला. गाडीचं नाक खाली गेलं, मागची चाकं हलकी झाली आणि शेपूट हळूच बाहेर सरकलं. नाक खाली जावं यासाठी मी एकही ओळ लिहिली नव्हती. चार स्प्रिंगा आपापला हिशेब करत होत्या.